हळदीच्या पायानं दाबलेला ब्रेक

खालापुरात टोलनाक्याकडून गावात शिरलं की नफिसा आपाचं गॅरेज लागतं. वर पत्रे, पुढे चिंचेचं झाड आणि झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले तिचे अब्बा, रज्जाक मिस्त्री. गॅरेज मुळात त्यांचं. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा नफिसानं पाना हातात घेतला. सुरुवातीला अब्बा सांगत आणि ती करी. ड्रायव्हर मंडळी बोलायची ती अब्बांशीच. एकदा एका टेंपोचा आवाज अब्बांना गिअरबॉक्सचा वाटला आणि तिला मागच्या चाकाचा. चाक उतरवलं तर बेअरिंगचा चुरा तिच्या हातात आला. त्या दिवसापासून रज्जाक मिस्त्री आलेल्या माणसाला स्वतःहून सांगू लागले, की दुखणं आत जाऊन सांगा, मी नुसता बसलोय. या गोष्टीला वीस वर्षं झाली. हे सांगताना त्यांना अजून हसू फुटतं.

यंदा ऐन मे महिन्यात, अकराच्या सुमाराला, एक जुनी सात जणांची गाडी रांगत रांगत चिंचेखाली आली. हँडब्रेक ओढून खाली उतरली ती नंदा. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरली ही पोरगी गेली चार वर्षं कर्जत-खालापूर रस्त्यावर प्रवासी नेते. तिच्या वाडीत गाडी चालवणारी पहिली बाई तीच. आज मात्र ती नखशिखांत पिवळी होती. कपाळ, हात, पाय, सगळीकडे ओली हळद. मागोमाग तिची आत्या चंद्राबाई उतरली, ती पुटपुटतच. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, हे तिनं वाटभर ऐकवलं होतं.

नंदाचं लग्न दुसऱ्या दिवशी मोहोपाड्याला होतं. वऱ्हाड याच गाडीतून जायचं होतं आणि चालवणार होती ती स्वतः. हे तिनं साखरपुड्यालाच सांगून ठेवलं होतं. पण आठवडाभर ब्रेकचं पेडल दगा देत होतं. कर्जतला एकानं पॅड बदलून दिले. दुसऱ्यानं पेडल दाबून बघितलं, ते कडक लागलं, म्हणून त्यानं तिलाच वेड्यात काढलं. काल रेल्वे फाटकापाशी उतारावर ती पेडलवर पाय ठेवून उभी होती, तर पायाखालचं पेडल हळूहळू बसत गेलं आणि गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकली. हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं.

असली गाडी घेऊन आलीसच कशी, म्हणून नफिसानं आधी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मग एकच गोष्ट विचारली.

"कधी बसतं गं? जोरात दाबल्यावर, का हळूच धरून ठेवल्यावर?"

नंदानं विचार केला. "हळूच धरल्यावर, आपा. जोरात दाबलं तर काय नाय होत."

नफिसाला अर्धं उत्तर तिथंच मिळालं. पण अर्ध्या उत्तरावर ती पाना उचलत नाही. तिनं बोनेट उघडलं. डबीतलं ब्रेक ऑइल काळपट झालेलं होतं, पण खुणेच्या रेषेपर्यंत जसंच्या तसं. चारी चाकं आतून चाचपली, बोटं कोरडी. नळ्या कोरड्या. मग सीटवर बसून इंजिन चालू केलं आणि पेडलवर अलगद पाय ठेवला, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा. पेडल क्षणभर थांबलं आणि मग जमिनीकडे निघालं. तिनं दोनदा भरभर दाबलं, की पुन्हा कडक.

तेल बाहेर कुठंच जात नव्हतं, आतल्या आत पळत होतं. पेडलच्या जोरानं तेल चाकांकडे ढकलणारा जो मास्टर सिलिंडर, त्याच्या आतल्या रबराची कड झिजली होती. जोरात दाबलं की रबर फुगून भिंतीला चिकटे, हळू दाबलं की तेल बाजूनं मागे सटके. नंदाला वेड्यात काढणाऱ्यानं एवढंच केलं नव्हतं. पाय हळू ठेवला नव्हता.

सिलिंडर उतरवून उघडला, तर आतल्या भिंतीवरही चरे पडलेले. नुसतं रबर बदलून भागणार नव्हतं. नवा सिलिंडर खालापुरात मिळेना. मोहोपाड्याच्या दुकानात होता, पण आणून द्यायला तिथं माणूस नव्हता. नंदानं मान खाली घातली आणि म्हणाली, एक माणूस आहे तिकडे.

पाऊण तासानं मोटरसायकलवरून दशरथ आला. रसायनीच्या कारखान्यात कामाला असलेला हा नवरदेव. त्याचेही कान आणि मान पिवळेधमक. चंद्राबाईनं त्याला झाडापलीकडेच अडवलं, तोंड फिरवायला लावलं आणि खोकं त्याच्या हातातून काढून घेतलं. पण सिलिंडर बसवून झाल्यावर नफिसाची अडचण झाली. नळ्यांतली हवा काढायला तीन माणसं लागतात. एक पेडलवर, एक डबीत नवं तेल ओतत राहायला आणि ती स्वतः चाकापाशी. अब्बांना डबीची रेषा दिसत नव्हती, साखरेनं बधिर झालेल्या पायांना पेडल कळत नव्हतं आणि चंद्राबाई असल्या तेलाला हात लावायला तयार नव्हती.

चंद्राबाईनं उघड्या बोनेटकडे बघितलं. त्याच्या अलीकडे उभ्या माणसाला सीटवरचं माणूस दिसत नव्हतं. ती म्हणाली, "ये रं दशरथ. हाच अंतरपाट समज. वाकून बघायचं नाय."

चपला काढून नंदा सीटवर बसली. दशरथ तेलाची बाटली घेऊन बोनेटपाशी उभा राहिला. नफिसा सगळ्यांत लांबच्या चाकाखाली सरकली. ती "दाब, धर" म्हणे, चाकामागचा लहानसा नट सैल करी, पारदर्शक नळीतून बुडबुडे निघत, नट आवळी आणि "सोड" म्हणे. तेल किती राहिलं ते दशरथ मोठ्यानं सांगे आणि नंदा त्याला पुन्हा पुन्हा विचारी, गरज नसतानाही. चौथ्या चाकापर्यंत चंद्राबाईच हसत सुटली होती.

मग नफिसानं इंजिन चालू करून पेडल अलगद धरलं आणि मनात शंभरपर्यंत मोजलं. पेडल तसूभर हललं नाही. पेडलच्या रबरावर नंदाच्या पायाचा हळदीचा पंजा उमटला होता. तो तिनं पुसला नाही. उतारावर गाडी नेऊन, उभी करून, पुन्हा बघितली. परत आल्यावर किल्ली नंदाच्या हातात देत म्हणाली, "जा आता. उद्या नवऱ्याला भीती वाटली तरी चालंल, तुला वाटायची गरज नाय."

नंदानं ती किल्ली घेतली आणि आपाला वऱ्हाडात येण्याचं कबूल करवूनच गेली.

दुसऱ्याच्या गाडीत बसलं की नफिसाचे कान इंजिनाकडे लागतात, ही तिची जुनी खोड. पण लग्नाच्या सकाळी मागच्या सीटवर ती वाडीवरल्या चार बायकांच्या मधोमध बसली होती आणि बायका अशा काही गात होत्या, की इंजिन चालू आहे का बंद, तेही कळेना. पुढे मुंडावळ्या कानामागे खोचून नवरी गाडी चालवत होती. चौक गावापर्यंत नफिसाला गाण्याचं धृपद पाठ झालं होतं, आणि त्यापुढं तीही टाळ्या वाजवत गात राहिली.