पश्चिमेची खोली

रास अल खैमाच्या डोंगरांखाली एक लहान गाव आहे. तिथे सगळ्यात आधी वस्ती करून राहिलेल्या कुटुंबाचं जुनं घर जतन करायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. मी इंजिनिअर, भिंतींची तपासणी माझ्याकडे. शारजाहून सकाळी निघायचे. ट्रॅफिक उलट्या दिशेला, तेवढंच सुख.

दगडामातीचं घर, हातभर जाड भिंती, छताला खजुराची खोडं. सगळं अजून भक्कम होतं. फक्त पश्चिमेची खोली पायापासून खचली होती. ती पाडायची आणि बाकीचं घर वाचवायचं, असं रिपोर्टात मीच लिहिलं होतं. वरून मंजुरीही आली होती.

त्या घरात जन्मलेले एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन सावलीत बसत. तरुणपणी जहाजावर मुंबईच्या खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी बोलायचे. मी त्यांना बाबा म्हणायचे. एकदा त्यांनी पश्चिमेच्या खोलीकडे बोट दाखवून विचारलं, "बेटी, ये कमरा रहेगा ना? हम भाई-बहन दोनों इधर पैदा हुआ. उसको अभी दिखता नहीं. तुम्हारा काम पूरा होगा तो लेके आएगा, हाथ लगाके देखेगी."

मी म्हणाले, "इन्शाल्ला, बाबा."

म्हणजे देवाची इच्छा असेल तर; आमच्या ऑफिसात हा शब्द सर्रास चालतो. ड्रॉइंग कधी मिळेल? इन्शाल्ला. म्हणजे मिळणार नाही, हे विचारणाऱ्यालाही कळतं. मी आपली वेळ मारून नेली. भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची. माझी भीड मात्र मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी महागात पडली. बाबांनी तो शब्द देवाच्या साक्षीने दिलेला मानला आणि निश्चिंतपणे मुलाकडे अल ऐनला निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात खोली पाडली. ते समोर नाहीत म्हणून मला हायसं वाटलं. आज हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

महिन्याभराने ते बहिणीचा हात धरून आले. रिकामी जागा बघून तिथेच थबकले.

"तेरे को उस दिन मालूम था?"

"हां, बाबा."

"तो ना बोलना था. उसी दिन ले आता उसको."

दोन अक्षरं खरी बोलले असते, 'नहीं' म्हटलं असतं, तर त्या बाईला आपल्या खोलीची भिंत एकदा हाताला लागली असती. माझं काहीच गेलं नसतं.

बहीण हात पुढे करून अरबीत काहीतरी विचारत होती. खोली कुठे आहे, एवढं मला कळलं. बाबा मला म्हणाले, "तू बोल."

माझी अरबी दुकानापुरती. मी म्हणाले, "मा फी." म्हणजे नाही, राहिली नाही. आपल्याकडे याच अक्षरांनी क्षमा मागतात. मला तीही मागायची होती, पण तिच्या कानांवर पडलं ते फक्त 'नाही'.

तिने पुढे केलेला हात खाली घेतला. भावाला म्हणाली, "यल्ला." चल, निघू या. दोघं गाडीकडे वळली.