सातव्या ओळीचं जुळं

घरातले तिला घुमी म्हणत. पोरगी लहानपणापासून मूग गिळून बसायची. पुढे पोटापाण्यालाही तिला तसलंच काम मिळालं. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांना दिसणारी आणि लिहिलेलं कधीच न पुसणारी वही. तिच्यावर घुमी एक पडदा बांधत होती. डॉक्टरांची चिठ्ठी खरी आहे एवढं दुकानदाराला पटावं, वहीत तशी नोंद व्हावी, पण औषध कुठलं, कुणाचं, हे वही चाळणाऱ्या कुणालाही कळू नये. या युक्तीला 'झिरो नॉलेज प्रूफ' म्हणतात. "न सांगता पटवायचं," एवढंच ती मावशीला म्हणाली होती.

"मग तुझ्याच जन्माचं काम गं!" मावशी म्हणाली.

मावशी औषधाच्या दुकानात कामाला. दोघी एकत्र राहत. दुकानात पंधरा दिवस चाचणी चालली होती आणि नोकरांनी आपापलीच औषधं त्यातून घेतली होती. सोमवारपासून खऱ्या वहीत लिहायचं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी मावशी कपड्यांच्या घड्या घालता घालता लॅपटॉपपाशी थांबली. पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी होती.

"ही तिसरी आणि सातवी ओळ जुळी का गं?"

"छे! दोन नोंदी सारख्या येतच नाहीत."

"वीस वर्षं गोळ्यांच्या पाकिटांवरचे बारीक नंबर जुळवतेय मी. मला नको शिकवू."

घुमीने पाहिलं. हुबेहूब सारख्या. तिने लगेच आपलाच प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक नोंदीत एक नवा, वाटेल तो आकडा मिसळायचा असतो. त्यानेच नोंद ओळखू येईनाशी होते. चाचणीत उत्तर दरवेळी तेच यावं म्हणून तिने तो आकडा कायम ठेवला होता आणि बदलायची विसरली होती; त्यामुळे एकाच औषधाची नोंद दरवेळी सारखीच निघत होती. खोटी चिठ्ठी पकडली जाते का, हे टीममधल्या सगळ्यांनी दहादा तपासलं. दोन खऱ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून मात्र कुणी बघितल्या नाहीत.

"म्हणजे तीच गोळी घेणाऱ्याला दुसरा कोण घेतो ते कळेल?" मावशीने हळूच विचारलं.

"नाव नाही. पण नोंदीपुढे वेळ असते. त्या वेळी खिडकीवर कोण होतं, हे दुकानातल्यांना ठाऊकच असतं."

मावशी हातातली चादर पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालू लागली. ती स्वतः घेत असलेल्या गोळ्या कशाच्या, हे तिने घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

घुमीने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. ठरलेल्या तारखेवर अडून बसत म्हणून ऑफिसात त्यांना तारीखसाहेब म्हणत.

"अहो, सोमवारी उद्घाटन आहे! आता मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"चूक माझी आहे, तसं सांगा. पण सोमवारी लिहिलेलं जन्मात पुसता येणार नाही, साहेब."

पलीकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "किती दिवस?"

"ओळ एकच बदलायचीय. तपासायला आठ दिवस. चाचणीची वही टाकून देऊ."

ते आठ दिवस घुमीने ऑफिसात मान खाली घालून टोमणे ऐकले. नवव्या दिवशी काम सुरू झालं. संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन आली आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली.

"शोध माझी नोंद. दुकानातल्या आम्ही दोघींनी आज तीच गोळी विकत घेतलीय, जुळं असेल तर दिसेल."

घुमीने वर-खाली चाळलं. "नाही सापडत."

"नीट बघ, घुमे."

"नीटच बघतेय. मीच बांधलंय आणि मलाच सापडत नाही!"

मावशी खुदकन हसली. पिशवीतून पाकीट काढून तिने तिथेच, तिच्यासमोर, घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली. घुमीने पाकिटाकडे पाहिलं नाही; तिची नजर पडद्यावरच होती, तिसऱ्या ओळीवरून सातव्या ओळीकडे जात. आता त्या जुळ्या नव्हत्या.