घण कुलपात ठेवा

"मिस्त्री, माजा घन कुलपात ठेवा."

एवढं बोलून तो घण मारणारा गडी दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसला, की पावणे गावातल्या आमच्या लोहारशाळेत सगळे समजून जायचे: याच्या डोक्यातला 'तो' बोलायला लागला. मिस्त्री घण कपाटात टाकून कुलूप लावायचे. मी वेल्डिंग थांबवून त्याला घरी सोडून यायचो.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालं नव्हतं. पहिल्या खेपेला त्याने भात्यावरच्या माणसाचा खांदा फोडला होता. गावाने त्याला खांबाला बांधलं आणि भगताने साखळीने झोडपलं. ती पाठ पाहिली असती, तर वेडा कोण असा प्रश्न तुम्हालाही पडला असता. त्या भगताचा मला अजून राग येतो.

मग ठाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गडी माणसांत आला. सात-आठ वर्षं त्याच्यासारखा घण कोणी मारला नाही. "आज रेडिओ बंद हाय!" असं हसत सांगत तो कामाला लागायचा.

एका नवरात्रात त्याच्या आईने ठरवलं, विलायती औषध उपासाला चालत नाही. गोळ्या बंद झाल्या. खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. तो आला तो डोळे लाल करूनच.

"मिस्त्री, माजा घन कुलपात ठेवा."

"पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही बाबा. उद्या ठेवू."

"उद्या नाय. तो आताच मार म्हनतो."

"कोणाला?"

"तुमाला."

पुढच्या क्षणी पाट उलटला, समई आडवी झाली. घण मिस्त्रींच्या डोक्यावर उचललेला होता आणि त्यांच्या पाठीशी भिंत होती.

"नाय मारनार!" तो ओरडला. डावा पंजा ऐरणीवर ठेवला, उजव्या हाताने घणाचा दांडा आखूड धरला आणि घाव घातला. हाड फुटल्याचा आवाज आला. रक्त झेंडूच्या फुलांवर उडालं. त्याने दुसरा घाव घालायच्या आत मी त्याला मिठी मारली. मी रडत होतो.

पंजा गेला, काम सुटलं. गोळ्या परत सुरू झाल्या. खंडेनवमीला मिस्त्री आता घण आधीच कुलपात ठेवतात आणि पाटावरची घणाची जागा मोकळी सोडतात.

गेल्या नवरात्रात मी त्याच्या घरी गेलो. म्हातारीने गोळी घटापुढे ठेवली, हात जोडले आणि ती त्याच्या उजव्या तळहातावर दिली.

"उपास आहे ना?" मी विचारलं.

"परसाद हाय," तो म्हणाला. "नाय म्हनू नये." आणि त्याने ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.