दाराच्या आतली भागूबाई

मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, ते कोणाची खोटी तारीफ करत नाही. जित्या माणसांनी मात्र भरल्या देवळात सुमनबाईच्या अंगावर शाल टाकली, आणि त्या दिवसापासून भागूबाईच्या पोटात जे पेटलं ते काही केल्या विझेना.

कुरुंद्याच्या अलीकडे एक लहानशी ख्रिस्ती वस्ती आहे; तिथं चर्चलाही देऊळच म्हणतात. वस्तीतली एखादी बाई वारली की तिला आंघोळ घालायची, हनुवटी बांधायची, पांढरं लुगडं नेसवायचं आणि चारचौघांनी तोंड बघावं अशी करून पेटीत ठेवायची, हे काम भागूबाईचं. ते तिच्याकडे सासूकडून आलं होतं. सासूनं काम हाती देताना बजावलं होतं, "मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं. आत पाहिलं ते ओठावर आणायचं न्हाई. त्या घरचा चहासुदिक घ्यायचा न्हाई. देवाचं काम हाय, त्याची मजुरी देवाकडं." भागूबाईनं ते अक्षरशः पाळलं. दिवसभर हळद शिजवायच्या कढईपाशी राबायची आणि निरोप आला की पिवळे हात खसाखसा धुऊन निघायची. अंथरुणाला खिळून पाठ सडलेल्या बायका तिनं धुतल्या, विहिरीतून काढलेल्या धुतल्या. कधी नाक मुरडलं नाही की कुठं बोलली नाही.

आणि सुमनबाई? सुमनबाई म्हणजे देवळाच्या मंडळीचा सेक्रेटरी रविंद्र, त्याची बायको. ती उभी राहायची पुढच्या दाराशी. येईल त्याला "थांबा, आत आंघोळ चालू हाय" म्हणायची, आणि आतलं सगळं उरकलं की पदर खोचून, कपाळाचा घाम पुसत बाहेर यायची, "चला, झाली तयारी." अगं बये, कसला घाम? दार धरून उभं राहण्याचा? पण लोकांना दिसायचं ते एवढंच. आतली बाई तोवर मागच्या दारानं घरी पोचलेली असायची, आणि ज्या घरात मयत झालेलं तिथं आत कोण होतं हे बोलायचं भान कोणाला?

मग वस्तीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. बिचारा भला माणूस, पण शहरातला. कापणीच्या सणाला त्यांनी झकास उपदेश केला, की सेवा करावी तर गुपचूप करावी, माणसांच्या वाहवाला भुलू नये. आणि उपदेश संपतो न संपतो तोच अशी गुपचूप सेवा करणाऱ्या भगिनीला पुढं बोलावून टाळ्यांच्या कडकडाटात तिला शाल पांघरली! आता याला काय म्हणावं? "आपल्या मृत भगिनींची शेवटची सेवा सुमनबाई करतात," पाळक म्हणाले. सुमनबाईला तिथं एक शब्द बोलता आला असता. पण तिनं हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाली, "मी कोण करणारी? प्रभूच करून घेतो."

भागूबाई पार मागच्या सतरंजीवर बसली होती. टाळीसाठी वर आलेले तिचे हात तसेच राहिले.

"शाल पांघरलीस ना? पांघर," त्या दिवशी ती घरी चुलीपुढं बसून बोलली. "एक दिस तुझ्याच हातानं मढं धुवायला लावीन, तेबी समद्या वस्तीच्या डोळ्यांदेखत. तुझी अब्रू वेशीला टांगली न्हाई, तर भागू म्हणून घेणार न्हाई." तेव्हापासून प्रार्थनेला गुडघे टेकले तरी तिच्या मनात हेच घोळायचं. मंडळीबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना दुसऱ्याला क्षमा करायची ओळ आली की तिचे ओठ नुसते हलायचे, आवाज निघायचा नाही.

उन्हाळ्यात, ऐन दुपारी, सुमनबाईची सासू पेमाबाई गेली. रविंद्र स्वतः धावत आला. "मावशी, माय गेली. चला लवकर."

"मी कशाला?" भागूबाई जागची हलली नाही. "शाल कोणाला दिली? तिलाच सांग की. सासू बी तिचीच हाय."

"मावशी, आजच्या दिवशी असं काहून करून राहिल्या?"

"मी कुठं काय करून राहिले? मी तर बघायला येऊन राहिले."

आणि ती खरंच गेली. जन्मात पहिल्यांदा पुढच्या दारानं गेली. अंगणात बायका बसल्या होत्या, पलीकडं लिंबाखाली पुरुष होते. भागूबाई उंबऱ्याशी ठाण मांडून बसली आणि खड्या आवाजात म्हणाली, "आज दार लावायचं न्हाई. सुमनबाईचा हात कसा चालतो ते पोरीबाळींनी बघून घ्यावं. शिकायला नको का कोणी?"

"व्हय, व्हय, खरं हाय," बायका म्हणाल्या आणि दाराशी सरकल्या.

सुमनबाईचं तोंडच उतरलं. तिनं भागूबाईकडं पाहिलं. भागूबाईनं वर छपराच्या पत्र्याकडं पाहिलं. नाइलाजानं सुमनबाईनं तांब्या उचलला. म्हातारीची हनुवटी कोणी बांधलेली नव्हती, तोंड उघडंच होतं. हिनं पाणी ओतलं ते नेमकं त्या तोंडात. मग घाबरून तिनं म्हातारीला कुशीवर वळवायला ओढलं, तशी पेमाबाई एका अंगाला कलंडली, लुगडं निसटून हातात आलं आणि सुकलेलं, उघडं अंग सगळ्या अंगणाला दिसलं. बायकांमागून कोणीतरी फिसकन हसलं.

भागूबाईचे डोळे सुमनबाईच्या चेहऱ्यावर होते. ती एकेक घोट चाखत होती. पण ते हसणं कानावर आलं आणि तिची नजर खाली गेली. पेमाबाई! डोक्यावरचा पदर जितेपणी कधी ढळू दिला नाही अशी बाई. हिनं आपलं काय वाकडं केलं होतं? अब्रू काढायला निघाले कोणाची आणि निघाली कोणाची!

"काय तमाशा लावलाय?" भागूबाई कडाडली. "सरका मागं! बाईमाणसाचं अंग बघता, लाजा न्हाईत व्हय?" आणि तिनं आत शिरून दार धाडकन लावलं.

आधी तिनं पेमाबाईवर चादर टाकली. हनुवटी बांधली. मग चादरीखालूनच हात चालवत म्हणाली, "पाणी ओत. हळू. खांद्यापासून खाली."

सुमनबाई ओतत होती आणि रडत होती. "मावशी, चुकलं माझं. त्या दिशी तोंड उघडलं न्हाई. आत्ता बाहेर जाते आन् समद्यांना सांगते. शाल बी तुमच्या अंगावर घालते."

हेच तर पाहिजे होतं! याच्यासाठी तर भागूबाईची झोप उडाली होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"न्हाई सांगायचं."

"आं?"

"कोणालाच न्हाई. जलमभर न्हाई. लोक म्हणतील, काय सेवा सुमनबाईची! आन् तू मान हलवायची. दर बारीला हलवायची. मनात तुला ठावं असंल, तू काय हाईस ते. शाल माझ्या गळ्यात टाकून मोकळी व्हायला बघतीस? तसं सोडत नसते मी."

सुमनबाईनं पुढचा तांब्या भरला.

संध्याकाळी कब्रस्तानात पाळक म्हणाले, "सासूची सेवा कशी करावी हे आपण सुमनबाईंकडून शिकावं. आज कितीही जड गेलं, तरी त्यांनी हातचं काम सोडलं नाही." सुमनबाईचे ओठ उघडले. माणसांच्या डोक्यांवरून तिची नजर भागूबाईला शोधत आली. भागूबाईनं डोळे वटारले. सुमनबाईचे ओठ मिटले, मान हलली आणि ती हंबरडा फोडून रडायला लागली.

"बघा बाई, सासूवर किती जीव," शेजारची एक हळहळली.

"लई जीव," भागूबाई म्हणाली.

तिच्या काळजाला असा गारवा कधी मिळाला नव्हता. पण सांगावं कोणाला? इतकी वर्षं सेवा गुपचूप केली, आता सूडही गुपचूपच झाला होता. पेटीवर माती टाकायची तिची पाळी आली. मूठ भरून ती कडेला उभी राहिली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशी पुटपुटली, "बापा, तुला आतलं दिसतं म्हणतात. आज गप राहिले ते तुझ्यासाठी, का तिला जाळायसाठी, तूच निवड. मला तर अजून गोडच लागून राहिलं."