हिराताईचा अळणी नवस

साठच्या दशकातली श्रावणातली एक सकाळ… घिवलीच्या आमच्या घरी थोरली बहीण हिराताई चहा प्यायला बसली आणि कप तिला धरवेना. हात लटलटा कापत होते. उठायला गेली तर तोल गेला.

त्याआधीची काही वर्षं ताईच्या आजारपणातच गेली होती. कधी रात्र रात्र झोप नाही, विकायला नेलेली सगळी मासळी बाजारात फुकट वाटून यायची. कधी भिंतीकडे तोंड करून पडायची ती उठायचीच नाही… सासरच्यांनी आणून सोडली ती कायमचीच.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या. दगडात सापडणारा हलका धातू, त्याचा हा क्षार, असं त्यांनी मला समजावलं. रक्त तपासत राहा आणि मीठ-पाणी तोडू नका, हे बजावलं. आम्ही दोघी हसलो… खारवलेल्या मासळीवर वाढलेली माणसं मीठ कशाला तोडतील?

गोळ्यांनी ताई माणसात आली, पुन्हा बाजारात बसू लागली. आई इतकी सुखावली की ताई बरी व्हावी म्हणून देवीला बोललेला नवस तिने फेडायला काढला. नारळी पौर्णिमेपर्यंत ताईने अळणी जेवायचं. ताईही आनंदाने तयार झाली. मी पालघरला शिक्षिका होते, आदल्या रात्रीच घरी आले होते; मला हे त्या सकाळी कळलं.

मी म्हटलं, गोळी आत्ता बंद, अळणीही बंद आणि लगेच मुंबई. शेजारणी म्हणत होत्या, देवी कोपली. नवस अर्धा टाकला तर पोर हातची जाईल म्हणून आई दार अडवून उभी राहिली. माझाही आवाज चढला.

तेवढ्यात ताई भिंत धरून उठली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "आय, मला परत तशी व्हायचं नाय. गाडी बोलव."

आई बाजूला झाली… बैलगाडीने बोईसर, तिथून मुंबई. मीठ बंद झालं की शरीर लिथियम धरून ठेवतं, ते रक्तात साचून विष होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सलाइनवर ताई हळूहळू सावरली. मग कमी डोसने तीच गोळी पुन्हा सुरू झाली.

घरी परतल्यावर आईला नवसाची धास्ती होतीच. ताई तिला हाताला धरून देवळात घेऊन गेली आणि देवीला स्पष्टच म्हणाली, "मीठ सोडून काय पण माग. माझा बोंबील घे."

बोंबील म्हणजे तिचा जीव की प्राण! पुढे आयुष्यभर तिने तो रोज विकला, तोंडात एकदाही घातला नाही. गोळी मात्र कधी चुकवली नाही… मला म्हातारपणापर्यंत बहीण लाभली ती तिच्या या हट्टामुळे.