कोरोलमध्ये लोखंड बसलं तेव्हा

अमरावतीला संशोधनाला लागले तेव्हा घरी एवढंच सांगितलं होतं, की रक्तातल्या लाल पदार्थाच्या एका धाकट्या बहिणीवर काम करायचं आहे. अकोल्यात आमचं फुलांचं दुकान, पातूरच्या रस्त्याला झेंडू-शेवंतीचं शेत. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रक्त तपासाचं काम आहे काय वं? मंग इथंच दवाखान्यात लाग ना."

त्या धाकट्या बहिणीचं नाव कोरोल. रक्तात लोखंडाला धरून ठेवणारी एक चपटी चकती असते, चार छोट्या कड्या जोडून झालेली. कोरोल अगदी तशीच, फक्त तिच्यात एक कार्बन कमी, म्हणून मधली जागा जरा आखूड. त्या आखूड जागेत मला लोखंड बसवायचं होतं, आणि बसल्यावर ते प्रकाशाला आणि चुंबकाला कसं उत्तर देतं ते पाहायचं होतं.

आधी कोरोलच होईना. ती ज्यापासून बनते तो पायरोल नावाचा द्रव ताजा शुद्ध करून घेतला नाही तर काळा पडतो, आणि माझ्या फ्लास्कमध्ये एक तर डांबर व्हायचं, नाहीतर ती मोठी बहीणच अवतरायची. सिलिकानं भरलेल्या उभ्या काचेच्या नळीतून रंग वेगळे करताना माझे पाय भरून यायचे. एका दुपारी मात्र त्या नळीतून एक जांभळा पट्टा सुटा होऊन खाली उतरला. शेजारच्या टेबलावर काम करणारी माझी मैत्रीण मूळची अचलपूरची. तिनं तो जांभळा रंग बाटलीत घेऊन अतिनील दिव्याखाली धरला आणि ओरडलीच, "अवं, हे पाह्य! गुलाबी आग लागली!"

खरंच, बाटली लालगुलाबी पेटली होती. आम्ही दोघींनी तिथंच फुगडी घातली. माझ्या मार्गदर्शक मॅडम दारात येऊन उभ्या होत्या, ते फुगडी सुटल्यावर कळलं. "काचा सांभाळा," एवढंच म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

मग लोखंडाची पाळी. कोरोलमध्ये लोखंडाचा क्षार घातला, हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली उकळत ठेवला आणि जरा वेळानं एक थेंब काढून दिव्याखाली धरला. गुलाबीचा मागमूस नाही. तपकिरी, मुकाट थेंब.

"मेलं काय वं?" मैत्रिणीनं हळूच विचारलं.

मी तो थेंब घेऊन मॅडमच्या खोलीत धावले. त्यांनी पाहिला आणि टेबलावर हात आपटला. "अगं, रडतेस काय? लोखंड आत बसलं की चमक जातेच. घेतलेला उजेड ते बाहेर पडू देत नाही."

शोषणाच्या आलेखानंही तेच सांगितलं. नुसत्या कोरोलचा एक उंच सुळका होता, तो बुटका होऊन दोन खांद्यांत वाटला गेला होता. पण खात्री व्हायची ती एनएमआरमध्ये, हायड्रोजनांचे सिग्नल मोजणाऱ्या मोठ्या यंत्रावर. ते आमच्याकडे नव्हतं. म्हणून चिमूटभर पूड कुरिअरनं दुसऱ्या शहरातल्या संस्थेत पाठवली आणि मी दसऱ्यासाठी अकोल्याला आले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात बसायला जागा नसते. मी झेंडूच्या ढिगात मांडी घालून हार ओवत होते, तेवढ्यात त्या संस्थेतल्या यंत्रचालकाचा फोन आला. "ताई, तुमच्या नमुन्यात काहीच नाही. नुसते फुगवटे आहेत. दुसरा पाठवा."

हातातला हार खाली ठेवला. मॅडमना फोन लावला.

"त्यानं कुठून कुठपर्यंत पाहिलं?"

"नेहमीसारखंच असेल."

"मग कसं दिसेल? लोखंडातले एकटे इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकासारखे असतात. ते सिग्नल कुठल्या कुठे भिरकावतात. त्याला सांग, दोन्हीकडे लांबपर्यंत बघ. शून्याच्या खालीसुद्धा."

यंत्रचालक वैतागला. "शून्याच्या खाली काय असणार आहे?"

"दादा, एकदा बघा ना. सणाचं एवढं ऐका."

दुपारी मोबाईलवर चित्र आलं. शून्याच्या खाली, म्हणजे या उलट्या आलेखात उजवीकडे, जिथं सहसा कुणी बघायलाही जात नाही तिथं, टेकड्या उभ्या होत्या! डावीकडेही, पार लांब. पसरट, ओबडधोबड, पण माझ्या. मी उठले आणि झेंडूच्या ढिगातच नाचायला लागले.

आई गिऱ्हाईक सोडून धावली. "काय झालं वं? नोकरी लागली काय?"

"नाही! लोखंड बसलं!"

"कुठी बसलं? पायात? दाखव मले!"

"पायात नाही वं, कोरोलमध्ये!"

आईला काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे पाहून तीही हसायला लागली. समोर हार घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं तर म्हणाली, "माया पोरीनं लोखंड बसवलं. कशात ते मले इचारू नका." मी त्या बाईंच्या पिशवीत ओंजळभर शेवंती जास्त टाकली. पुढच्या गिऱ्हाइकालाही टाकली. शेवटी आईनं टोपली माझ्यापुढून ओढली. "अशी वाटून राहिली तं संध्याकाळी काय इकू?"

सण झाला आणि सकाळच्या एसटीनं मी अमरावतीला पोचले. मॅडमनी ते चित्र मोठं छापून भिंतीला चिकटवलं होतं. मैत्रिणीनं आणि मी एकेका टेकडीला तिचा हायड्रोजन नेमून द्यायला घेतला. बहुतेक जमल्या. एक मात्र कुणाचीच होईना. दोघी आलटून पालटून चुकीची उत्तरं देत होतो आणि प्रत्येक चुकीला जास्तच हसत होतो.

शेवटी मॅडमनी खुर्ची ओढली, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फळा पुसून टाक. या टेकडीचं काय ते आज बघूच."