समुद्राच्या देवळाकडची बस

"आनि मंग?"

हे विचारताना काकी उजवा तळवा टेबलावर सपाट ठेवायच्या, जणू पुढचं कळल्याशिवाय टेबल हलू देणार नाहीत. सुपरवायझर म्हणाला, "आज दुसऱ्या लाइनवर बसा," तरी "आनि मंग?" कॅन्टीनवाला म्हणाला, "भाजी संपली," तरी तेच. आमच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगच्या मुली त्यांची हुबेहूब नक्कल करायच्या. काकी त्या नकलेवर स्वतःही हसायच्या आणि पुन्हा मान खाली घालून गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायला लागायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यांना अर्धवट माहिती चालत नाही. मी त्याच कारखान्यात क्वालिटीच्या टेबलावर बसते, इतरांनी भरलेले कागद तपासते. मूळची कोल्हापूरकडची, नोकरीसाठी बोईसरला आलेली. काकी चिंचणीच्या. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी त्या मला मॅडम म्हणत. पहिली काही वर्षं आमचं बोलणं बॅच नंबरापलीकडे गेलं नव्हतं.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या मोबाइल घेऊन आल्या.

"मॅडम, हे कुठलं देऊल हाय ते बघून सांगाल?"

फोटो लांबून काढलेला होता. निळा समुद्र, त्यात घुसलेला एक डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर पांढऱ्या काड्यांसारखं काहीतरी. मोठं करून पाहिलं तर ते दगडी खांब होते. वर छप्पर नाही, बाजूला भिंती नाहीत.

काकींचा नवरा जहाजावर फिटर होता. त्यानंच डेकवरून तो फोटो काढून पाठवला होता. जहाज ग्रीसच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभं होतं. मालकाचा कुणाशी तरी दावा चालू होता. कोर्टानं जहाज अडवलं, आणि मालकानं फोन घेणं सोडलं. वीस जणांतले बाकीचे एकेक करून घरी गेले. जहाज सांभाळायला पाच माणसं असलीच पाहिजेत, असा बंदराचा नियम. त्या पाचांत हा. बदली माणूस येईपर्यंत उतरायचं नाही. एक वर्ष उलटून गेलं होतं.

मी शोधून सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक लोकांचं देऊळ. समुद्राच्या देवाचं.

"दर्याचा देव? त्यांच्यात पन हाय?"

"होता. आता तिथे पूजा होत नाही. लोक बघायला जातात."

"मंग नारल कोनाला फोडायचा?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी तळवा टेबलावर ठेवला. "बंदरावरून तिथं जायला काय हाय? बस हाय? किती वाजता? आनि मंग? उतरल्यावर चालायचं किती?"

मी म्हटलं, "काकी, त्यांना जहाजावरून उतरू देत नाहीत ना?"

"आज नाय देत. देतील तवा आमची तयारी नको?"

तेव्हापासून रोजची सुट्टी त्याच कामात जाऊ लागली. त्या जहाजावर डिझेल वाचवायला दिवसातून दोनच तास जनरेटर लावत. आमची जेवणाची सुट्टी आणि त्यांचा जनरेटर यांची वेळ जुळायची. काकी कॅन्टीनच्या मागे, रिकाम्या पिंपांच्या सावलीत उभ्या राहून फोन लावायच्या. त्याआधी दहा मिनिटं माझ्याकडून माहिती घ्यायच्या. मी इंटरनेटवर बसचं वेळापत्रक काढलं. देऊळ सकाळी उघडतं ते सूर्य मावळेपर्यंत. खाली थांबा, तिथून चढ. वर एक छोटं हॉटेल.

"दुपारी परत फिरायचं," मी म्हटलं.

"मॅडम, तुमी लोक दुपार म्हनता. दुपार म्हंजे किती वाजता?"

दुसऱ्यांच्या नोंदीत चुका काढणारी मी, मान खाली घालून पुन्हा वेळापत्रक बघायला लागले.

एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. कुंभवलीच्या पुढे गेल्यावर, खिडकीबाहेर बघत त्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली.

"तुमाला वाटत असंल, काकीला येड लागलंय. मागच्या म्हयन्यात त्याचा फोन आला. बोलंना. नुसता वारा ऐकू येत होता. मी विचारलं, कुठं उभा हायस? तर म्हनतो, कठड्याच्या भायेर. म्हनला, पानी थंड असंल, लगेच होईल."

त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही.

"माजी वाचाच गेली, मॅडम. काय बोलू? देवाचं नाव पन आठवंना. त्यानं कवातरी देवलाचं सांगितलं होतं. मी म्हटलं, त्या देवलाला खांब किती हायत रे? मोजून सांग मला. तर मोजायला लागला. तेरा म्हनला. मी म्हटलं, नीट मोज. मंग चौदा म्हनला. मी म्हटलं, आत जा, चष्मा लाव आनि मोज. तर आत गेला."

बस थांबत-निघत होती. माणसं उतरत होती.

"आता रोज काय तरी विचारायला पायजे ना? नायतर तो काय बोलनार माज्याशी, आनि मी काय बोलनार?"

त्या दिवसानंतर मी वेळापत्रक अगदी मन लावून बघू लागले. खांब खरे किती आहेत तेही शोधलं आणि सांगायला गेले, तर काकींनी हात वर केला. "नको. त्याला मोजू दे."

हळूहळू तो भांडायला लागला. हे काकी मला आनंदानं सांगायच्या. बसमध्ये कुठल्या बाजूला बसायचं यावरून त्यांची तीन दिवस जुंपली होती. काकी म्हणाल्या उजवीकडे, तो म्हणाला, "समुद्र डावीकडं येतो, तुला काय कलतं?" चौकटीचा शर्ट घालायचा की निळा, यावरून दोन दिवस. देवळात रिकाम्या हातानं जायचं नाही, यावर मात्र दोघांचं लगेच जमलं. नारळ मिळणार नाही, तर जहाजावरचे मूठभर तांदूळ न्यायचे ठरले.

मग एकदा सलग तीन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काकींच्या लाइनची खोकी आली. चाळीस खोक्यांत माहितीचा कागदच नव्हता. इतक्या वर्षांत त्यांची एकही चूक मी पाहिली नव्हती. मी जाऊन पाहिलं, तर त्यांचे हात चालू होते आणि डोळे भिंतीवर होते. मी खोकी परत पाठवली. त्यांनी ती एकेक उघडून पुन्हा भरली. चौथ्या दिवशी फोन आला. डिझेल संपलं होतं, एवढंच.

मे महिन्यात परवानगी मिळाली. बंदरावर खलाशांसाठी जेवण पोहोचवणारी एक बाई होती, तिनं खटपट केली. एका दिवसाचा पास, सकाळी उतरायचं, संध्याकाळी परत. काकींनी सगळा दिवस माझ्याकडून कागदावर मराठीत लिहून घेतला, त्याच्या वेळेत आणि आपल्या वेळेत, आणि त्याचा फोटो त्याला पाठवला.

तो दिवस आमच्या सुट्टीचा होता. काकी म्हणाल्या, "तुमी याल?" मी सकाळीच चिंचणीला गेले. घरात सासूबाई होत्या, त्यांच्यासमोर फोनवर बोलायला नको म्हणून आम्ही किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो. काकींनी तो कागद मांडीवर धरला होता. आपल्या वेळेनं साडेदहाला होडी. साडेअकराला बस. पावणेबाराला मेसेज आला. 'बस मिळाली. डावीकडं बसलोय.'

काकी हसल्या. किती दिवसांनी मी त्यांचे दात पाहिले.

त्यानंतर काही नाही. बारा वाजले, एक वाजला. फोन लावला तर बंद. "फोटो काढून बॅटरी उतरली असेल," मी म्हटलं. दोन वाजले. डबा तसाच राहिला. भरती येऊ लागली. परतीच्या बसची वेळ साडेतीनची होती, तीही गेली.

काकी उठल्या आणि सरळ पाण्यात चालू लागल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी फोन उंच धरला. जणू तिथून रेंज लागणार होती. मी मागे धावले. त्या वळल्या.

"मॅडम, ते देऊल डोंगराच्या टोकावर हाय ना?"

"हो."

"तिथं कठडा हाय?"

मी शेकडो फोटो पाहिले होते. खांबांच्या पलीकडे कडा होता, कड्याच्या खाली समुद्र. काही ठिकाणी माणसं पाय सोडून बसलेली होती. हे मला इतके महिने दिसत होतं आणि एकदाही सुचलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "चांगला उंच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या पाण्यातच खाली बसल्या. लाट आली, त्यांच्या छातीपर्यंत चढली, ओसरली. "जहाजावर निदान चार मानसं होती," त्या म्हणाल्या. "मी त्याला एकटा पाठवला. मीच बस बघून दिली."

मी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, भिजू नये म्हणून. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. ओढत, धरत त्यांना झाडांपाशी आणलं. त्या रडत नव्हत्या. वाळूत बोटानं उभ्या रेघा ओढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा ओढत होत्या. समोर सूर्य खाली उतरत होता आणि लोक त्याचे फोटो काढत होते.

सूर्य बुडायला आला तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. माझ्याच हातात होता. मी स्पीकर लावला.

"मी हाय."

काकींनी माझ्या हातासकट फोन घट्ट धरला. तोच बोलत राहिला. बसमधून उतरला आणि जमीन हलायला लागली. इतके महिने पाण्यावर काढलेल्या पायांना स्थिर जमीन सोसली नाही. दहा पावलं चालला आणि ओकला. मग थांब्यावरच्या बाकावर बसला, तो बसूनच राहिला. एक कुत्रं येऊन पायाशी झोपलं. तांदूळ तिथल्याच पाखरांना टाकले. चढावर माणसं जात होती, येत होती. एक बस गेली, दुसऱ्या बसनं परत आला. फोनची बॅटरी उतरली होती, म्हणून आता बंदरावरच्या त्या बाईच्या ऑफिसातून बोलत होता.

"मला नाय जमलं गं वर जायला," असं म्हणून तो लहान मुलासारखा रडायला लागला. "एवढं सगलं ठरवलं होतंस."

"बरं झालं," काकी म्हणाल्या. "बरं झालं नाय गेलास. जेवलास का?"

फोन ठेवल्यावर त्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, तुमाला खोटं बोलता येत नाय." आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

पुढे दोन महिन्यांनी बदली माणसं आली आणि त्यांचा नवरा घरी परतला. कारखान्यात काकींनी पेढे वाटले. पण पंधराच दिवसांत त्या कामावर यायच्या बंद झाल्या. माणूस आला होता, पण काकींशिवाय राहत नव्हता. दार लावलं की घाबरे, उघडं ठेवलं की निघून जाई. सासूबाईंना तो आवरत नव्हता.

राजीनामा द्यायला त्या एकदा आल्या. लॉकरमधली टोपी, चपला, स्टीलचा डबा पिशवीत भरला. पॅकिंगच्या मुली भोवती जमल्या, पण नक्कल कुणी केली नाही. "पुन्हा याल ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो बरा झाला की बघू." एवढं अर्धवट उत्तर त्यांनी आयुष्यात कधी दिलं नसेल.

मी गेटपर्यंत गेले. फाटकाच्या आतच, वॉचमनच्या खुर्चीत एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. निळा शर्ट, वरचं बटण गळ्याशी लावलेलं. काकी जवळ जाताच तो उठला. बाहेर टँकर, टेंपो, कामगारांच्या बसगाड्या यांची रांग लागली होती. तो रस्त्याच्या कडेला येऊन थबकला आणि त्यानं डोळे मिटले.

सगळी शिफ्ट सुटत होती. काकींनी पिशवी खांद्यावर टाकली आणि सगळ्यांच्या देखत त्याचं मनगट घट्ट धरलं. दुसरा हात वर करून त्यांनी एक अख्खा टँकर थांबवला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या अजिबात घाई न करता, त्याच्या पावलानं पाऊल टाकत रस्ता ओलांडू लागल्या.